सोमवारचं पोट आणि नववीची वही

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका आईनं विचारलंय. मुलगा सातवीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत होता, हुशार म्हणून नाव होतं. आठवीपासून बेळगावात इंग्रजी माध्यमाच्या हायस्कूलला घातला, आता नववीत आहे. पहिल्या एफएला, म्हणजे शाळेच्या चाचणीला, गणितात २० पैकी ६ आणि विज्ञानात ७ मिळाले. दर सोमवारी सकाळी त्याचं पोट दुखतं, रविवारी मात्र ठणठणीत असतो. घरी आला की बोलत नाही, मोबाईल घेऊन बसतो. वडील म्हणतात, "असाच वागलास तर उद्यमबागला फाउंड्रीत जाशील," म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत ओतकामाच्या कारखान्यात. आईनं शेवटी लिहिलंय: हा आळस आहे, वयाचा परिणाम आहे की अजून काही? ट्यूशन लावू का, का परत मराठी शाळेत घालू?

ताई, मी २६ वर्षं हायस्कूलला गणित-विज्ञान शिकवलं आणि नंतर मुलांचं समुपदेशन करत आले. तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा आठवला तो माझ्या वर्गातला एक मुलगा. फळ्यावरचं सगळं सुंदर अक्षरात उतरवायचा, आणि प्रश्न विचारला की मान खाली. एकदा चिडून मी त्याला भर वर्गात "आळशी" म्हटलं. काही दिवसांनी त्याची वही बघताना एका शब्दातलं एक अक्षर तीन ठिकाणी तसंच चुकलेलं दिसलं. माझं अक्षर फळ्यावर घाईत बिघडलं होतं, तेच त्यानं जसंच्या तसं काढलं होतं. तो शब्द लिहीत नव्हता, त्याचं चित्र काढत होता. वर्षभर मी चित्रकला तपासत होते आणि तिला गृहपाठ म्हणत होते. त्यामुळं आळस हा शब्द मी आता अगदी शेवटी काढते, बाकी सगळं तपासून झाल्यावर.

आधी पोटाचं. ते खोटं नाही. भीती वाटली की आतड्यांची हालचाल बदलते, मळमळतं, मुरडा येतो. मोठ्यांनाही कोर्टाच्या तारखेला होतंच की. म्हणून "नाटकं करू नको" हे वाक्य बंद करा. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, जंत आणि रक्त बघून घ्या, म्हणजे तुमच्याही मनात किंतू राहणार नाही. सगळं ठीक निघालं तर सोमवारी घरी ठेवून घेऊ नका. चुकवलेला प्रत्येक सोमवार पुढच्या सोमवारला जड करतो. "दुखतंय, मला कळतंय. गरम पाणी पी, जाऊ या, जास्तच झालं तर शाळेतून मला फोन कर," एवढंच म्हणायचं. आणि सोमवारीच का, हेही बघा. त्या दिवशी कुठला तास असतो? कुणाची चाचणी असते? बसमध्ये कोण भेटतं? कुणी चिडवतंय, मारतंय किंवा नको तसा हात लावतंय असं निघालं तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी ते थांबवायचं. शाळेत जाऊन बोला, आणि मुलाला "तू दुर्लक्ष कर" म्हणून परत पाठवू नका.

आता मुख्य गोष्ट, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे.

आपल्या भागातल्या मुलाच्या डोक्यावर किती भाषा असतात ते मोजा. घरात आपली मराठी, जिच्यात 'पण'च्या जागी 'खरं' येतं. पुस्तकातली मराठी वेगळी, ती त्याला पहिलीतच शिकावी लागली. कंडक्टर, दुकान, ऑफिस, शाळेतला शिपाई इथं कन्नड. वर्गात इंग्रजी. वर हिंदी. दहावीच्या ६२५ मार्कांपैकी ३२५ मार्क नुसत्या तीन भाषांचे आहेत: पहिली भाषा १२५, बाकीच्या दोन शंभर-शंभर. उरलेले ३०० गणित, विज्ञान आणि समाजविज्ञानाचे, पण इंग्रजी माध्यमात तेही इंग्रजीतूनच. म्हणजे तुमच्या मुलाला विज्ञान येतंय की नाही हे अजून कुणी विचारलेलंच नाही. विचारलंय ते इंग्रजी येतं का, एवढंच.

खात्री करायला घरच्या घरी एक तपासणी करता येते. त्याचा एफएचा पेपर घ्या, चुकलेला एक प्रश्न निवडा आणि तोच त्याला मराठीत, तोंडी, गप्पा मारल्यासारखा विचारा. नववीच्या विज्ञानात सुरुवातीलाच बाष्पीभवन आहे. पावसाळ्यात ओले कपडे लवकर का वाळत नाहीत, हा त्यातला नेहमीचा प्रश्न. खानापूरच्या पोराला हे सांगायला पुस्तक कशाला हवं? जून-जुलैत चुलीवर दांडी बांधून शाळेचा शर्ट वाळवलेला असतो त्यानं. "हवाच ओली असते, तिच्यात अजून पाणी मावत नाही," असं काही तो म्हणाला, तर उत्तर आलं. पेपर कोरा होता कारण 'ह्युमिडिटी' हा शब्द त्याच्या ओळखीचा नव्हता.

गणितातही तेच. 'फाइव्ह लेस दॅन एक्स' असं वाक्य आलं की मराठी शाळेतून आलेली निम्मी पोरं ५ − एक्स लिहितात, कारण कानावर आधी पाच पडतो. 'एक्सपेक्षा ५ ने कमी' म्हटलं की तीच पोरं न चुकता एक्स − ५ लिहितात. आकड्यांचं तर विचारूच नका. आपण सत्तेचाळीस म्हणताना सात आधी बोलतो आणि चार नंतर. इंग्रजीत चाळीस आधी येतात, कन्नडमध्येही तसंच. घाईत ४७ चे ७४ होतात आणि शिक्षक शेरा मारतात: निष्काळजी.

तोंडी मराठीत जमलं, तर अडचण भाषेची. ती हळूहळू उतरते. मराठीतही जमलं नाही, तर मागचा पाया कच्चा आहे, मग सातवी-आठवीचं तेवढंच प्रकरण काढून बसावं लागेल. बहुतेक मुलांत दोन्ही थोडं थोडं निघतं. प्रत्येक विषयाचे पाच-सहा प्रश्न असे तपासले की अंदाज येतो. तुम्हाला स्वतःला गणित येत नसलं तरी चालेल. प्रश्न मराठीत करून द्यायला गावातला कुणी कॉलेजला जाणारा पोरगा पुरतो.

भाषेची अडचण निघाली तर एक सोपी वाट आहे आणि ती बऱ्याच पालकांना माहीत नसते. कर्नाटक टेक्स्टबुक सोसायटी राज्याची पुस्तकं कन्नड-इंग्रजीबरोबर मराठीतही काढते. नववीचं गणित-विज्ञानाचं मराठी पुस्तक मिळवा. सोसायटीच्या वेबसाइटवर फुकट उतरवून घेता येतं, नाहीतर शेजारच्या मराठी हायस्कूलच्या पोराचं मागून घ्या. तुमच्या मुलाची शाळा राज्याच्याच अभ्यासक्रमाची असेल तर धडा तोच, आकृती तीच. आधी मराठीत वाचायचं, मग तोच परिच्छेद इंग्रजीत. एका वहीत तीन रकाने पाडायचे: इंग्रजी शब्द, मराठी शब्द, आणि आपल्या घरातलं एक उदाहरण. स्पीडला चाल, व्हेलॉसिटीला वेग, ॲक्सलरेशनला त्वरण. तिसऱ्या रकान्यात जांबोटीच्या वळणावरची एसटी आली तरी हरकत नाही, उलट तीच लक्षात राहते. दिवसाला पाच शब्द, सहावा नको. पोरं पहिल्या उत्साहात चाळीस लिहितात आणि चौथ्या दिवशी वही सापडत नाही.

आणि शाळेत जाऊन शिक्षकांशी बोला, तक्रार म्हणून नव्हे. "हा सातवीपर्यंत मराठीत शिकलाय, दोन महिने तोंडी उत्तर मराठीत दिलं तर चालेल का?" एवढं विचारा. मी स्वतः असं मुभा दिलेल्या वर्गात हात वर होताना बघितलेत. बरेच शिक्षक हो म्हणतील, कारण त्यांच्यातलेही पुष्कळजण असेच मराठी किंवा कन्नड शाळेतून वर आलेले असतात. एखादा नाही म्हणेल. त्याच्याशी भांडू नका, दुसऱ्या विषयाच्या शिक्षकांकडं जा.

कन्नडबद्दल दोन शब्द, कारण पत्रात तुम्ही ओझरता उल्लेख केलाय की घरात त्यावरून वाद होतो. २०१५ च्या कायद्यानंतर राज्यातल्या शाळांत कन्नड टप्प्याटप्प्यानं पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सक्तीची झाली. एक काका म्हणणार कन्नड शिकून काय उपयोग, दुसरा म्हणणार इथं नोकरी हवी तर कन्नडच लागतं, आणि पोरगं मध्ये जेवतंय. १९५६ पासूनचा आपला सीमाप्रश्न आहे, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे. मला त्याबद्दल माझं मत आहे आणि ते मी मोठ्या माणसांत बोलते. खरं चौदा वर्षांच्या पोराच्या कन्नडच्या पेपरावर ते भांडण आणून ठेवू नका. त्याला चांगलं कन्नड आलं म्हणून त्याची मराठी कमी होत नाही. आणि बसमध्ये "गोत्तिल्ल" (माहीत नाही) म्हणून खाली बघण्यापेक्षा दोन वाक्यं धड बोलता आली तर त्या पोराची पाठ सरळ होते, हे मी कितीदा बघितलंय. शिकू दे त्याला. घरात त्यावर चेष्टाही नको आणि भाषणही नको.

आता ट्यूशन. लावू नका, निदान लगेच नको. तुमच्या पत्रावरून त्याचा दिवस मांडून बघते: साडेपाचला उठतो, सव्वासहाची बस, शाळा, संध्याकाळी साडेसहाला घरी, जेवण, गृहपाठ, मग साडेअकरा-बारापर्यंत मोबाईल. झोप साडेपाच-सहा तास. १३ ते १८ वयाच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते. त्यात या वयात शरीराचं घड्याळच पुढं सरकतं, झोप यायलाच उशीर होतो, त्यामुळं "नऊला झोप" म्हटलं तर तो अंथरुणात जागा पडून राहणार. बेळगावात टिळकवाडीतली ट्यूशन धरली तर घरी यायला साडेआठ होतील, आणि आज पाठ केलेलं डोक्यात बसायला जी झोप लागते तीच तुम्ही पैसे देऊन कापणार.

त्यापेक्षा झोपेतला एक तास आधी परत आणा. गणवेश, दप्तर, डबा रात्रीच तयार ठेवला तर सकाळची वीस मिनिटं वाचतात. रात्री साडेदहाला घरातले सगळे मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला, वडिलांचा सुद्धा. वडिलांचा नसेल तर हा नियम दोन दिवस टिकतो. मोबाईल हिसकावून घ्यायच्या भानगडीत मात्र पडू नका. शाळेचा गृहपाठ व्हॉट्सॲपवर येतो, आणि गावातले जुने मित्र आता त्याला तिथंच भेटतात; दिवसभर ज्याला वर्गात गप्प बसावं लागतं त्याला कुठंतरी आपल्या भाषेत हसायला मिळालं पाहिजे.

बसचा वेळ वाया जातो म्हणून बसमध्ये पुस्तक उघडायला लावणारे पालक मला भेटतात. त्या गर्दीत उभं राहायला जागा नाही, पुस्तक कुठं उघडणार? त्याला सांगा, खिडकी मिळाली तर बाहेर बघत कालच्या धड्यातल्या तीन गोष्टी नुसत्या आठवून बघ. आठवल्या नाहीत तर घरी येऊन तेवढ्याच बघ. पुस्तक मिटून आठवायला लागलेला जोर चार वेळा वाचण्यापेक्षा जास्त टिकतो. आणि नाही आठवावंसं वाटलं, तर झोपू दे बसमध्ये.

फाउंड्रीचं वाक्य. हे मला त्याच्या वडिलांना सांगायचंय, त्यांना वाचून दाखवा. भाऊ, तुम्ही स्वतः मच्छे गावच्या कारखान्यात काम करता असं ताईंनी लिहिलंय. तुमच्या पोराला "फाउंड्रीत जाशील" ऐकू येतं तेव्हा त्याला दोन गोष्टी कळतात: आपण नापास होणार, आणि आपल्या बापाला स्वतःच्या कामाची लाज वाटते. दुसरी जास्त लागते. त्यापेक्षा परवानगी मिळत असेल तर एखाद्या शनिवारी दुपारी त्याला तिथं घेऊन जा, धमकी म्हणून नाही. ड्रॉइंग कसं वाचतात, माप चुकलं तर अख्खं कास्टिंग कसं बाद होतं, ते दाखवा. कोन, त्रिज्या, घनफळ, तापमान, सगळा नववीचा अभ्यासक्रम तिथं तापलेला पडलाय. मी शिकवताना माझ्या वर्गाला असं नेऊ शकले नाही, याची मला अजून हळहळ वाटते.

शिवाय दहावी म्हणजे एकच दार, हेही आता राहिलेलं नाही. २०२४ पासून कर्नाटकात दहावीच्या एका वर्षात एकाहून जास्त परीक्षा होतात. कमी पडलेल्या विषयाला पुन्हा बसता येतं आणि जास्त मार्क धरले जातात. दहावीनंतर पीयूसी (अकरावी-बारावी) आहे, आयटीआय आहे, तीन वर्षांचा डिप्लोमा आहे, आणि डिप्लोमा करून डीसीईटी ही प्रवेश परीक्षा दिली तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. हे त्याच्यासमोर एकदा शांतपणे मांडा. रोज नको, रोज सांगितलं की तेही दडपण होतं. तुलनेसाठी पुण्यातल्या चुलत भावाचं नाव मात्र वर्षभर जेवणाच्या ताटावर काढू नका.

परत मराठी माध्यमात घालू का, या प्रश्नाला माझं उत्तर दुटप्पी वाटेल. इंग्रजी माध्यमाशिवाय मूल वाया जातं असं मानणारी मी नाही. आठवीला माध्यम बदलायची घाई आपल्याकडं फार होते आणि तिची किंमत पोरं मोजतात. तरीही वर्षाच्या मध्ये आता हलवू नका. त्यानं अर्धा घाट चढलेला आहे. मराठीतून दहावी केलेल्या मुलांना हाच घाट पीयूसी सायन्सच्या पहिल्या वर्षी लागतो, तेव्हा अभ्यासही दुप्पट असतो. शब्दांची वही आणि तोंडी मराठी एवढं मार्चपर्यंत करून बघा. तेव्हाही तो स्वतःहून म्हणाला की मला मराठीतच दहावी द्यायचीय, तर मेअखेरीस शाळा सुरू होताना बिनधास्त बदला. त्यात हार कसली? पण निर्णयात तो असला पाहिजे. आठवीला त्याला कुणी विचारलं होतं का?

बोलत नाही म्हणता. दारात पाऊल टाकल्या टाकल्या "आज काय शिकवलं?" विचारलं तर कोण बोलेल? आधी खायला द्या, अर्धा तास सोडून द्या. या वयातली मुलं समोरासमोर बसवून बोलत नाहीत, शेजारी काम करताना बोलतात. दसऱ्याच्या सुट्टीत रताळी काढायला तुमच्याबरोबर रानात येईल तेव्हा बघा. हात मातीत, नजर खाली, आणि मध्येच तो एखादं वाक्य टाकेल. त्या वाक्यावर लगेच उपदेश करू नका. "मग?" म्हणा आणि रताळी काढत राहा. पहिल्यांदा दोन वाक्यं मिळतील. तेवढी पुरे.

एक गोष्ट जपून वाचा. दोन आठवड्यांहून जास्त काळ तो उदास राहिला, जेवण-झोप बिघडली, आवडता क्रिकेटही सोडला, हातावर ओरखडे किंवा कापल्याच्या खुणा दिसल्या, किंवा "मी नसलो तर बरं होईल" अशा अर्थाचं काही बोलला, तर वाट बघू नका. त्याला सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का तुला?" असं विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून मूल सुटकेचा श्वास सोडतं. हो म्हणाला तर ओरडू नका, रडलात तरी चालेल, पण त्याला एकटं सोडू नका. आणि त्याआधीच, आज, हे पत्र वाचून झाल्यावर, शेतीची औषधं आणि तणनाशक घराबाहेर कुलपात ठेवा. शेतकऱ्याच्या घरात हे सगळ्यात आधी करायचं काम. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास आणि फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. लोक काय म्हणतील ते नंतर बघू.

तुम्ही लिहिलेल्यावरून तुमचा मुलगा तिथपर्यंत गेलेला मला वाटत नाही. रविवारी तो हसतो-खेळतो, मित्रांना भेटतो, ही जमेची बाजू आहे.

अजून एक करा. सातवीपर्यंत त्याला हुशार म्हणणारे गावातले गुरुजी अजून आसपास असतील, तर त्याला एकदा त्यांच्याकडं पाठवा. काही कारण काढून, शेंगा द्यायला म्हणून. गेली दीड वर्षं ज्यांच्या नजरेत तो फक्त चुकणारा मुलगा आहे अशाच माणसांत तो बसतोय. आधी गुरुजींना फोन करून ठेवा, आणि मार्कांचं तेवढं विचारू नका म्हणावं.